वॉटर अ‍ॅपलची गुटी तोडल्यावर दहा दिवसांत का वाळते? खान्देशातल्या हवेत ती जगवायची कशी

गुटी म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल गोल काढून तिथे ओलं शेवाळ प्लास्टिकनं बांधायचं. गुटीला मुळ्या फुटतात, प्लास्टिकमधून पांढऱ्याशुभ्र दिसतात. आपण हरखून फांदी तोडतो, कुंडीत लावतो, सावलीत ठेवतो, रोज पाणी घालतो. पाचव्या दिवशी शेंड्याची पानं मान टाकतात. आठव्या-दहाव्या दिवशी सगळी पानं कुरकुरीत होऊन जागच्या जागी लटकतात. जळगावला माझ्या अंगणात सलग तीन वर्षं हेच झालं. नंतरच्या दोन वर्षांत मात्र सातपैकी सहा गुट्या जगल्या. मधल्या काळात काय कळलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण भुसावळ, धुळे, चाळीसगाव, शिरपूरकडच्या ओळखीच्या बायका मला हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.

आधी झाड कुठलं ते सांगते. आपल्याकडे बरेच जण पेरूलाही जाम म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. मी म्हणते ते घंटेच्या आकाराचं, गुलाबी किंवा पांढरट हिरवं, मेणासारखं चकचकीत आणि आत पाणीच पाणी असलेलं फळ. कोकणात त्यालाच जाम म्हणतात, रोपवाटिकेत वॉटर अ‍ॅपल म्हणून मिळतं. हे झाड जांभळाच्याच कुळातलं. पेरू, लवंग आणि निलगिरीही त्याचे नातलग. मूळचं ते मलाया, इंडोनेशिया, फिलिपिन्सच्या बाजूचं, म्हणजे जिथे हवा बारा महिने ओलसर असते तिथलं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मी ते फळासाठी कमी आणि शोभेसाठी जास्त लावलं. वर्षभर गर्द हिरवं, नवी पालवी तांबूस, आणि फुलं म्हणजे पांढऱ्या तंतूंचे झुबके. मोठ्या झाडाखाली सकाळी त्या तंतूंचा सडा पडतो तेव्हा ओटा झाडावासा वाटत नाही.

बियांपासून का नाही, असं विचाराल तर पुष्कळ फळांत बीच नसते, असली तर एखाद-दुसरी. ती वाळवून ठेवली तर मरते. फळ खाल्लं की लगेच लावावी लागते. शिवाय बियांच्या झाडाला आईसारखंच फळ येईल याची खात्री नाही आणि फळासाठी वाटही जास्त बघावी लागते. म्हणून गुटी. या झाडाला गुटी सहज धरते असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते खरंही आहे. धरते सहज. आपल्याकडे ती टिकत नाही.

नवापूर आणि जळगाव

माझी मावशी नवापूरला असते. तिच्या परसात वीस वर्षांचं झाड आहे. नवापूरला पाऊस जळगावपेक्षा बराच जास्त, बाजूला डोंगर आणि झाडी, हवेत ओल टिकून राहते. पहिल्या वर्षी मी गणपतीत तिच्याकडे गेले तेव्हा पाच गुट्या बांधल्या आणि दिवाळीच्या सुट्टीत जाऊन तोडल्या. पाचही गुट्यांना मुळ्या होत्या. त्यातल्या दोन मावशीनं तिथेच पिशवीत लावल्या. तीन मी ओल्या गोणपाटात गुंडाळून सुरतेहून येणाऱ्या पॅसेंजरनं आणल्या. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथे फलाटावर उभी असताना पानं अगदी टवटवीत होती. खिडकीशी जागा मिळाली म्हणून मी खूश होते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, सगळी वाट कोरडा वारा त्या पानांवर आदळत होता. जळगावला उतरले तेव्हा कडा आत वळल्या होत्या.

मावशीच्या दोन्ही जगल्या, माझ्या तिन्ही गेल्या. आईझाड तेच, बांधणारे हात तेच, तोडल्याचा दिवसही तोच. पुढच्या दोन वर्षांतही मी गणपतीत बांधून दिवाळीत आणल्या आणि घालवल्या. मला वाटायचं, आपल्याच हातून लावताना काहीतरी चुकतंय. मावशी फोनवर म्हणाली, "तुना हात चांगला शे, पन तठला वारा चांगला नही." मला ते समजूत काढल्यासारखं वाटलं होतं. नंतर कळलं की तिनं नेमकं दुखणं सांगितलं होतं.

हे तपासायचा एक घरगुती उपाय आहे आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. पंचा ओला करून, घट्ट पिळून, सावलीत दोरीवर टाका आणि घड्याळ बघा. मावशीकडे श्रावणात तो संध्याकाळपर्यंत दमट राहतो. माझ्या अंगणात दिवाळीच्या आधी, सावलीतच, तो तासाभरात खडखडीत वाळला. पंच्यातलं पाणी जी हवा ओढून घेते, तीच हवा पानांतलंही पाणी ओढते. वॉटर अ‍ॅपलचं पान चांगलं वीतभर लांब असतं. अशी वीस पानं आणि खाली बोटभर लांबीच्या सात-आठ मुळ्या! वर उडून जाणारं पाणी खालून भरून निघत नाही. कुंडीत पाणी भरपूर असतं, पण ते वर पोचवणारी मुळं पुरेशी नसतात.

आधी मेलेली गुटी नीट बघा

गुटी गेली की आपण उपटून फेकून देतो. तसं करू नका, ती काय झालं ते सांगते.

पानं तपकिरी, कुरकुरीत, पण देठाला चिकटून लटकलेली असतील तर रोप झपाट्यानं वाळलं. झाड धडधाकट असतं तेव्हा पान स्वतःहून सोडायला त्याला वेळ लागतो. इथे तो वेळच मिळाला नाही. हा हवेचा, म्हणजे पाणी उडण्याचा त्रास. पानं आधी पिवळी पडून एकेक गळली असतील, खोड मातीजवळ काळं, मऊ झालं असेल आणि मुळ्यांना आंबूस वास येत असेल, तर पाणी जास्त झालं आणि मुळं कुजली. दोन्ही मरणं वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्या प्रकारात घाबरून पाणी वाढवलं की दुसरा प्रकार ओढवतो. माझी एक गुटी अशीच गेली: पानं मलूल दिसली म्हणून मी दिवसातून तीनदा पाणी घातलं, आणि ज्या थोड्या मुळ्या होत्या त्याही कुजवल्या.

आणि प्लास्टिकच्या आतच, झाडावर असतानाच काही बिघडलं असेल तर तो तिसरा मामला. तो आधी उरकते.

मुळ्याच फुटल्या नाहीत तर

दोन महिने झाले आणि मुळ्या दिसत नसतील तर गुटी सोडून बघा.

साल काढलेल्या जागेवर पांढरट गाठी येऊन वरची आणि खालची साल जोडली गेली असेल, तर चीर अरुंद पडली किंवा लाकूड नीट खरवडलं नाही. गुटीचं मर्म इथेच आहे. लाकडातून पाणी वर जातं, सालीतून पानांनी बनवलेलं अन्न खाली येतं. साल गोल काढली की पाणी चालू राहतं, म्हणून फांदी हिरवी राहते; पण अन्न वरच्या काठाशी अडतं, साठतं, आणि तिथेच मुळ्या फुटतात. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक बुळबुळीत थर असतो. तो राहिला तर झाड जखम भरून काढतं आणि अडलेलं अन्न पुन्हा खाली जायला लागतं. म्हणून साल तीन सेंटिमीटर रुंद काढायची, नि चाकूच्या पाठीनं लाकूड सगळीकडून खरवडायचं. बोट फिरवलं तर निसरडं लागता कामा नये, कोरडं आणि किंचित खरबरीत लागलं पाहिजे.

वरच्या काठावर नुसता फुगवटा आला असेल आणि मुळी नसेल तर बहुधा फांदीची निवड चुकली. फार कोवळी, हिरवी फांदी नको. जुनी, भेगाळलेली नको. आतली, सावलीत वाढलेली लुकडी तर नकोच. शिसपेन्सिलीपेक्षा जरा जाड, साधारण वर्षाची, बाहेरच्या बाजूची आणि उन्हात वाढलेली घ्यावी. फुगवटा निरोगी असेल तर तोडू नका, नवं ओलं शेवाळ भरून परत बांधा. माझी एक अशी गुटी पुढच्या पाच आठवड्यांत मुळावली.

शेवाळ कोरडंठाक असेल तर बांधणी सैल आहे किंवा मुंग्यांनी भोक पाडलंय. इंजेक्शनच्या सिरिंजनं आत पाणी सोडता येतं, पण भोक चिकटपट्टीनं बुजवायचं. शेवाळ काळं पडून वास येत असेल तर पावसाचं पाणी फांदीवरून ओघळून वरच्या गाठीतून आत शिरतंय. वरची गाठ आधी आणि जास्त घट्ट बांधायची. शेवाळ भरताना मुठीत इतकं पिळायचं की एकही थेंब पडू नये.

मुळ्या फुटायची पावडर, म्हणजे आयबीए, लावायची का? मी वरच्या काठाला चिमूटभर चोळते. पण या झाडाला तिच्यावाचूनही मुळ्या येतात, तेव्हा पावडर मिळाली नाही म्हणून पावसाळा वाया घालवू नका.

प्लास्टिक पारदर्शक घ्या म्हणजे मुळ्या दिसतात. मात्र आपल्याकडे त्यावर ऊन पडू देऊ नका. पाऊस दोन आठवडे दडी मारतो तेव्हा उन्हात आतलं शेवाळ अक्षरशः शिजतं, आणि काळं प्लास्टिक असेल तर आणखीच लवकर. मी केळीच्या खांबाचं वाळलेलं सोपट वरून गुंडाळते आणि सुतळीनं बांधते. रावेर-यावलकडे त्याला तोटा नाही. बघायचं असेल तेव्हा सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं.

मुळ्या होत्या तरी वाळली: चूक महिन्याची

आता मुख्य दुखणं. पावसाळ्याच्या शेवटी, गणपतीच्या सुमारास बांधलेली गुटी आश्विन-कार्तिकात तोडायला येते. नेमकी तेव्हा आपल्याकडची हवा पालटलेली असते. पाऊस गेलेला, दुपारी ऑक्टोबरचं चटचटीत ऊन, कपाशीच्या शेतांवरून येणारा कोरडा वारा. पुढे थंडी, तीही कोरडीच. आणि फेब्रुवारी सरता सरता उन्हाळा. नवी गुटी तोडायला याहून वाईट वेळ एकच, ती म्हणजे खुद्द मे महिना. नवापूरला, कोकणात किंवा मुंबईच्या बाल्कनीत जे वेळापत्रक चालतं, ते जळगावला चालत नाही.

म्हणून मी बांधायची वेळच पुढे आणली. आर्द्रा नक्षत्र 22 जूनच्या आसपास लागतं. तोवर मृगाचे एक-दोन बरे पाऊस झालेले असतात, झाडात रस चढलेला असतो आणि साल अलगद सुटते. पावसाआधी बांधायला गेलं तर साल लाकडाला धरून बसते, तुकडे तुकडे निघते. आर्द्रात बांधली की श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या सुमारास, मुळ्या दिसायला लागतात. सहा ते आठ आठवडे धरा. आणि पोळ्याच्या आत गुटी तोडून कुंडीत बसलेली पाहिजे. मग तिला भाद्रपदाचा दमट महिना मिळतो, नवरात्रापर्यंत नवी मुळं धरतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हाला ती सामोरी जाते तेव्हा तोडून दीड-दोन महिने झालेले असतात.

पाऊस उशिरा आला तर? नक्षत्राला अडून बसू नका, पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवड्याभरात बांधा. मुळ्या उशिरा आल्या आणि पोळा उलटून गेला तर मात्र मी गुटी तोडतच नाही. आईझाडावर तशीच राहू देते, शेवाळ ओलं ठेवते. झाड तिला पाणी पुरवत असतं, ती मरत नाही. उलट मुळ्या वाढतात. तोडायची घाई आपल्याला असते, झाडाला नसते. गेल्या वेळची एक गुटी मी पुढच्या जूनपर्यंत झाडावरच ठेवली होती. उन्हाळ्यात दर आठ दिवसांनी सिरिंजनं पाणी दिलं, वरून गोणपाटाचा तुकडा गुंडाळला. ती कुंडीत लावल्यावर एक पानही सुकलं नाही.

तोडताना

मुळ्या दिसल्या की तोडायचं नाही, तपकिरी झाल्या की तोडायचं. पांढरी मुळी काचेसारखी असते. प्लास्टिक सोडताना, मातीत बसवताना कट्कन मोडते. ती तपकिरी व्हायला लागली, तिला बारीक फाटे फुटले आणि शेवाळाचा गोळा चारी बाजूंनी जाळीदार दिसायला लागला म्हणजे ती कामाला लागली. पहिल्या पांढऱ्या मुळीपासून इथवर यायला आणखी दोन-तीन आठवडे लागतात. या दोन-तीन आठवड्यांचा धीर माझ्याकडे नव्हता.

एका दमात तोडायचं नाही. गोळ्याच्या बोटभर खाली फांदीला अर्ध्या जाडीपर्यंत खाच द्यायची. आठ दिवसांनी ती जरा खोल करायची. तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी, ढगाळ दिवस बघून, धारदार कात्रीनं पूर्ण तोडायची. खालून येणारं पाणी टप्प्याटप्प्यानं कमी झालं की फांदी आपल्या मुळ्यांवर जगायला शिकते. खाच दिलेली फांदी वाऱ्यानं मोडू नये म्हणून काठीचा आधार बांधायचा. हे विसरले म्हणून माझी सातवी गेली.

तोडायच्या आदल्या दिवशी पानं कमी करायची. हे करताना मला अजूनही वाईट वाटतं, कारण तीच पानं सुंदर असतात. पण शेंडा खुडायचा, खालची पानं काढून टाकायची, सहा ते आठ पानं ठेवायची आणि तीही कात्रीनं आडवी अर्धी कापायची. अर्धी पानं म्हणजे अर्धाच खर्च. सगळी पानं मात्र काढू नका. मुळ्यांना अन्न त्यांच्याकडूनच मिळतं.

प्लास्टिक सोडताना गोळा तळहातावर तोलून धरा. शेवाळ झटकायचं, धुवायचं, मुळ्या मोकळ्या करून बघायच्या, यातलं काही करू नका. आहे तसा गोळा मातीत ठेवा, बाजूनं मिश्रण ओता आणि दाबू नका. कुंडी दोन-तीनदा अलगद आपटली की मिश्रण आपोआप बसतं. लगेच एकदा भरपूर पाणी.

मग झाकण. पाण्याची मोठी पारदर्शक पिशवी किंवा धुण्याच्या दुकानात कपड्यांवर घालतात तसली लांब पिशवी घ्यायची, तीन काड्या खोचून त्यांवर तंबूसारखी चढवायची, कुंडीच्या काठाला दोरीनं बांधायची. आत लगेच दव धरतं. हेच माझं अंगणातलं नवापूर. पिशवीवर ऊन अजिबात पडता कामा नये, नाहीतर आतलं रोप उकडून निघेल. माझी जागा म्हणजे उत्तरेच्या भिंतीलगत, कडुनिंबाखाली, वरून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी. हवेचा झोत नको. कुलरचा तर नकोच: तो थंड वाटला तरी वाराच आहे.

तीन आठवडे पिशवी बंद. या काळात बहुधा पाणी लागत नाही. आतल्या बाजूला दव दिसत असेल तर घालूच नका. चौथ्या आठवड्यात एक कोपरा कापायचा, चार दिवसांनी दुसरा, पुढच्या चार दिवसांनी वरचं तोंड. मग रात्रभर पिशवी काढायची आणि सकाळी घालायची, असं पाच-सहा दिवस. पानं दुपारी मान टाकत असतील आणि सकाळी पुन्हा ताठ होत असतील तर आणखी एक आठवडा थांबायचं. पिशवी एकदम ओढून काढली तर तीन आठवड्यांची मेहनत एका दुपारी जाते.

मान टाकलेली गुटी वाचते का

वाचू शकते, पण पहिल्या दोन दिवसांतच. नखानं साल किंचित खरवडा. खाली हिरवी ओल दिसली तर आशा आहे, तपकिरी कोरडं लाकूड दिसलं तर तेवढा भाग संपला. हिरवं असेल तर उरलेल्या पानांपैकी निम्मी काढा, शेंडा आणखी खाली कापा, पानांवर पाणी फवारून लगेच पिशवी चढवा. मातीत बोट घालून बघा; ओल असेल तर एक थेंबही घालू नका. अशा वेळी खत, युरिया, शेणकाला, कुणी सांगितलेलं टॉनिक, काहीही नको. थोड्या मुळ्यांवर खताचा मारा म्हणजे आहे ते पाणीही बाहेर खेचून घेणं. या उपायानं मी एक गुटी वाचवली. सगळी पानं गेली, खोड हिरवं राहिलं आणि पाचव्या आठवड्यात डोळ्यांतून तांबूस टोकं निघाली.

माती आणि पाणी

शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. कपाशीला ती सोन्यासारखी, पण कुंडीत ओली असताना चिकट गोळा आणि वाळली की भेगा. भेग पडताना कोवळ्या मुळ्या तुटतात. मी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग जुनं, कुजून भुगा झालेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट घेते. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावं, त्यात क्षार असतात. पहिली कुंडी लहानच हवी, सहा किंवा आठ इंची. मोठ्या कुंडीत थोड्या मुळ्यांभोवती भरपूर ओली माती राहते आणि ती आंबते.

जळगावला पुष्कळ घरांत बोअरचंच पाणी आणि ते जड. बादलीला पांढरे थर बसतात तेच कुंडीलाही बसतात. दोन-तीन महिन्यांनी नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ते लोह न मिळाल्याचं लक्षण. मातीत लोह असतं, पण क्षारांमुळे मुळाला घेता येत नाही. पावसाळ्यात छताचं पाणी पिंपात साठवून मी नव्या गुट्यांना तेच देते. ते संपलं की चिलेटेड लोहाची फवारणी, पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्यानं, संध्याकाळी. आणि महिन्यातून एकदा कुंडीतून पाणी खालून वाहून जाईपर्यंत भरपूर पाणी घालायचं, म्हणजे साठलेले क्षार धुतले जातात.

पहिला उन्हाळा

भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो हे सांगायला नको. पहिल्या उन्हाळ्यात रोप जमिनीत लावू नका. कुंडीत असलं की हलवता तरी येतं. होळीनंतर मी कुंड्या न्हाणीच्या मागे नेते, जिथे सकाळचं ऊन नऊपर्यंत येतं आणि मग सावली. कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत ओली वाळू भरते, म्हणजे मुळं तापत नाहीत. पाणी सकाळी सहाला. दुपारी तापलेल्या टाकीतलं पाणी कधीही नाही, हात घालून बघा म्हणजे कळेल. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पानांच्या कडा तपकिरी होतात. त्या दिसायला वाईट, पण ती पानं काढू नका; मधला हिरवा भाग काम करत असतो आणि खालच्या खोडावर सावलीही धरतो. नवी पालवी मृगाच्या पावसानंतर येतेच.

जमिनीत लावायचं ते दुसऱ्या पावसाळ्यात, घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेपासून जरा दूर, कारण साबणाचं पाणी सतत मुळाशी नको. माझं पहिलं रोप आता तसं लावलंय. कंबरेएवढं झालं आहे, अजून फूल नाही. मावशी पुढच्या महिन्यात येणार आहे. तिच्या झाडाची ती फांदी कुठली होती ते तिला अजून आठवतं.